मोजणीला येऊ द्या, पण लेखी

महोदय,
बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातल्या भातात तुंबते. त्याचा अभ्यास करायचा तर नाल्याची रुंदी-खोली ठिकठिकाणी बांधावर उभे राहूनच मोजावी लागते. उपग्रहावरून काढलेल्या उंचीत काही मीटरचीही चूक असू शकते; इथे वीतभर बांधावर पाणी कुणाच्या शेतात शिरणार ते ठरते. मधला एक मालक अडून बसला, की तिथले आकडे अंदाजाने भरले जातात आणि मग त्यावरून बांधलेली नाल्यावरची मोरी लहान पडते.

बायपासच्या भूसंपादनाने पोळलेला शेतकरी शिवारात टेप दिसली की बिथरणारच. म्हणूनच तोंडी होकार नको. संमतीपत्रात सर्व्हे नंबर, तारखा, मातीच्या नमुन्याचा खड्डा किती खोल, पिकाची भरपाई कोण देणार, हे लिहून घ्यावे. ‘परवानगी मोजणीपुरती, संपादनाला संमती नव्हे’ हे वाक्य हवेच. कागद कन्नडमध्ये असेल तर सहीआधी मराठी प्रत मागावी. हे खड्डे त्याच दिवशी बुजवावेत, नाहीतर चिखलात बैलाचा पाय मोडतो. मोजणी एप्रिल-मेमध्येच उरकावी. रोप लावल्यावर वाफ्यात कुणी उतरू नये. पुराच्या पातळीची खूण मात्र पाणी ओसरताच खांबावर रंगवावी, नाहीतर पाण्याने सोडलेली गाळाची रेघ पुढच्या सरीने धुऊन जाते.

– एक शेतकरी, वडगाव, बेळगाव