रविवारी त्या हॉटेलात जाऊ नकोस

प्रिय सोन्या,

काल फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, पिल्लू रडायला लागलं आणि तू ठेवलास, पण मला रात्री झोप नाही लागली म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या टाइप करायला बसलेय. मोठं होईल पण पूर्ण वाच, आणि सूनबाईलाही वाचायला दे.

तू म्हणालास की मॉलमध्ये कूपन भरलं होतं, त्यातून तुमचा नंबर लागला, तीन रात्री चार दिवसांचं व्हाउचर फ्री आहे, फक्त रविवारी 11 वाजता बाणेरच्या हॉटेलात दोघांनी मिळून यायचं, दीड तासाचा कार्यक्रम आहे आणि येताना पॅन कार्ड आणि क्रेडिट कार्ड आणायचं "व्हेरिफिकेशनसाठी". हे ऐकून माझ्या पोटात धस्स झालं, कारण शब्द न् शब्द तोच आहे. 2006 साली आम्हाला हाच फोन आला होता, आणि तिथे बोलावून टाइमशेअर, म्हणजे पैसे आधी भरून वर्षातले काही दिवस त्यांच्या हॉटेलांत राहायची मेंबरशिप, आमच्या गळ्यात मारली होती. तुला कधी नीट सांगितलं नाही.

तू अकरा वर्षांचा होतास. दिवाळीच्या आधी ग्राहकपेठेत मी एक चिठ्ठी भरून डब्यात टाकली होती, नाव, फोन, नवऱ्याची नोकरी, घरी गाडी आहे का, एवढंच. आठ दिवसांनी फोन, अभिनंदन मॅडम. आपण तिघं गेलो, आग्रा रोडवरचं हॉटेल होतं, मोठा हॉल, गोल टेबलं, गाणी एवढ्या मोठ्यांदा लावलेली की शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते कळू नये. दर दहा मिनिटांनी कोणीतरी माइकवर सांगायचं की अमुक फॅमिली मेंबर झाली आणि सगळे टाळ्या वाजवायचे. तुला त्यांनी एक निळा फुगा दिला होता आणि चित्र रंगवायला बसवलं होतं, आठवतं का? मग आपल्या टेबलावर मेंबरशिप विकायला बसलेला त्यांचा मुलगा तुझ्याजवळ वाकून म्हणाला, तुला स्विमिंग पूल आवडतो ना, मग पप्पांना सांग. तू बाबांकडे बघितलंस. मला आजही ते बघणं आठवतं. तुझा काही दोष नाही त्यात, अकरा वर्षांचं पोर काय करणार, पण त्यांनी तुला मुद्दाम वापरलं आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नवरा बायको दोघं हवेतच असा हट्ट का असतो माहितीये? कारण आपण नेहमी म्हणतो ना, घरी विचारून सांगतो, ते म्हणायला जागाच राहू नये म्हणून. घर तिथेच त्यांच्या टेबलावर बसलेलं असतं.

आधी तो एकदम गोड बोलला, मागच्या वर्षी कुठे फिरायला गेलात, किती खर्च झाला. बाबा म्हणाले वीसेक हजार. त्याने कोऱ्या कागदावर लिहिलं, वीस हजार, दरवर्षी 10 टक्के महागाई, 25 वर्षं, आणि खाली आकडा आला 19 लाख 67 हजार. बघा सर, एवढे तुम्ही घालवणारच आहात, आम्ही फक्त अडीच लाखात पंचवीस वर्षं देतोय. बाबा नको म्हणाले तर त्याचा मॅनेजर आला, दोन लाख झाले, मग अजून एक साहेब आले आणि 1 लाख 65 हजार, पण फक्त आज. मी म्हटलं आम्ही उद्या सांगतो. तो म्हणाला वहिनी, ही किंमत या टेबलापुरती आहे, दारातून बाहेर पडलात की अडीच लाख. दीड तासाचे चार तास झाले होते, तुला भूक लागली होती, आजूबाजूला टाळ्या चालू होत्या आणि मला वाटलं आता मी अजून काही बोलले तर चार लोकांसमोर बाबांना कमीपणा येईल, म्हणून मी गप्प बसले. बाबांनी सही केली. तेव्हा ओटीपी वगैरे नव्हतं, कार्ड घासलं की झालं, 25 हजार तिथल्या तिथे गेले आणि बाकीच्यासाठी पुढच्या आठवड्यात एफडी मोडली.

तो कागद अजून आहे. बाबांनी आज कपाटातून फाइल काढून दिली मला, हे आकडे त्यातलेच आहेत, आणि बाबांनी स्वतः एक हिशोब करून दिलाय तो तुला सांगायला लावलाय. करारात मागच्या पानावर वार्षिक मेंटेनन्स लिहिला होता, 6,500 रुपये, दरवर्षी वाढणार. त्या मुलाने आपल्या खर्चाला जी 10 टक्के वाढ लावली तीच या 6,500 ला लावली तर 25 वर्षांत 6 लाख 39 हजार होतात. म्हणजे 1 लाख 65 हजाराची वस्तू खरी आठ लाखाच्या पुढची होती. तो हिशोब त्या कागदावर कोणीच लिहिला नाही. आणि मेंटेनन्स तुम्ही फिरायला जा नाहीतर जाऊ नका, भरायचाच, नाही भरला तर बुकिंग बंद.

बुकिंगचं तर विचारू नकोस. आम्हाला सांगितलं होतं कधीही जा, कुठेही जा. करारात आपला सीझन, म्हणजे ज्या दिवसांत जाता येईल तो काळ, वेगळाच निघाला, तुझी मेची सुट्टी आणि दिवाळी त्यात बसतच नव्हती, आणि ज्या तारखा बसत होत्या त्यासाठी फोन केला की फुल आहे. जून जुलैत, तेही सोमवार ते गुरुवार, तेव्हा मिळायचं, तुझी शाळा बुडवून. पाच वर्षांत दोनदा गेलो. एकदा गेलो तिथे जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं, बाहेर जवळपास काही नाही, तीन दिवसांचं जेवणाचं बिलच इतकं झालं की साध्या हॉटेलात राहून आलो असतो. ते फ्री गिफ्टचं व्हाउचर होतं ना, त्यालाही टॅक्स आणि प्रोसेसिंगचे पैसे होते, प्रवास आपला, तारखा त्यांच्या. ते आम्ही कधी वापरलंच नाही.

सहाव्या दिवशीच बाबांना पश्चात्ताप झाला होता. करारात दहा दिवसांत रद्द करता येईल असं होतं. बाबांनी फोन केला, तिकडून सांगितलं की आमचे एक्झिक्युटिव्ह तुम्हाला भेटायला येतील सर, मग दोन दिवसांनी परत फोन, साहेब बाहेरगावी आहेत, असं करत अकरावा दिवस उजाडला आणि मग म्हणाले मुदत संपली. सगळं फोनवर बोललो, हातात एक कागद नाही. नंतर ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्यांना भेटलो तेव्हा ते पहिलं हेच म्हणाले, लेखी काय आहे? काहीच नव्हतं. आणि जे लेखी होतं त्यात बारीक अक्षरात होतं की तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही.

बाबांना वाटत होतं आपण काहीतरी मालमत्ता घेतोय. तसं अजिबात नसतं. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, आपल्याला मिळतो तो वर्षातले काही दिवस राहायचा हक्क, तोही अटींवर, आणि विकायला गेलं तर कोणी घेत नाही. फ्लोरिडात टाइमशेअर घेतला तर दहा दिवसांत रद्द करायचा हक्क कायद्यानेच मिळतो, युरोपात चौदा दिवस आहेत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदाच नाही, त्यामुळे करारात जे छापलंय त्याच्यावरच सगळं.

आणि कोणी म्हणालं की नाही वापरलं तर शेवटी पैसे वाढून परत मिळतील तर अजूनच लांब राहा, कारण मग ती सहल नाही, ठेव झाली. पॅनकार्ड क्लब्सचं प्रकरण तुला माहीत असेल, हॉटेलच्या रूम नाइट्स म्हणून विकायचे आणि मुदतीनंतर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे न वापरल्याचे पैसे परत, द्यायचे, सेबीने, म्हणजे गुंतवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी 2016 मध्ये सात हजार कोटींच्या वर रक्कम लोकांना परत करायचा आदेश दिला. किती घरांतले पैसे होते त्यात, महाराष्ट्रात गावोगाव एजंट होते.

सगळेच मेंबर रडतात असं मी म्हणणार नाही. आपल्या सोसायटीतले एक काका रिटायर झाल्यावर नेमाने जातात, महिनोनमहिने आधी बुक करतात, त्यांना कुठल्याही तारखा चालतात. पण तुमची दोघांची आयटीतली नोकरी, उद्या पिल्लूची शाळा, तुम्हाला कुठे जमणार आहे. समजा तुला वर्षाच्या सात रात्रींसाठी चार लाख सांगितले आणि वर्षाला 20 हजार मेंटेनन्स. ते चार लाख 7 टक्क्यांनी एफडीत ठेवले तर वर्षाला 28 हजार व्याज, त्यात ते 20 हजार घातले की 48 हजार झाले, सात रात्रींना वाटले तर रात्रीला 6,800 च्या वर पडतात. एवढ्यात तू हव्या त्या गावात, हव्या त्या तारखेला, हव्या त्या हॉटेलात राहशील आणि चार लाख जागेवर राहतील. हे घरी शांतपणे बसलं की पाच मिनिटांत कळतं, आणि म्हणूनच ते घरी जाऊ देत नाहीत.

तरी सूनबाईच्या आग्रहाने किंवा कशानेही गेलातच तर कार्डं दोघांची घरी ठेवा, फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका, व्हेरिफिकेशन वगैरे काही नसतं. करार घरी वाचायला मागा, देत नसतील तर उठा. चुकून सही झालीच तर त्याच रात्री ईमेल करा आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, फोनवर विसंबू नका. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं पण आता 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत करायला लागते. आपली दोन वर्षं चिडण्यात आणि एकमेकांवर ढकलण्यात गेली.

अजून एक. आम्ही मेंटेनन्स भरणं बंद केलं त्याच्यानंतर तीन चार वर्षांनी बाबांना फोन आला होता की तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक आहे, दोन लाख मिळतील, फक्त आधी 18 हजार ट्रान्सफर फी भरा. बाबांचा आवाज एकदम बदलला, खूप दिवसांनी आशा वाटली त्यांना. मी फोन हातातून घेतला आणि म्हटलं फी त्या दोन लाखातूनच कापून घ्या. फोन कट झाला, परत आला नाही. आपले नंबर आणि नावं अशी फिरत असतात, एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा गाठतात.

त्या मॉलच्या कूपनवर कोणाकोणाचे नंबर लिहिलेत? माझा लिहिला असशील तर सांग, मी अनोळखी फोन उचलणार नाही. व्हाउचरच्या फोनला आजच सांगून टाक की येत नाही, आणि रविवारी 11 वाजता मला व्हिडिओ कॉल कर, बाबाही घरीच आहेत, पिल्लूला आंघोळ घालून तयार ठेव.

तुझी,
आई

ता. क. फिरायला जायचंच असेल तर पुढच्या महिन्यात इकडे या, आपण सप्तशृंगीला जाऊ, बाबा कधीपासून म्हणतायत.