बऱ्या झालेल्या रुग्णांना गेटवर अडवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही कोविडविरोधी मोहीम १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर राबवली गेली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक यांचे पथक घरोघरी जाऊन तापमान व रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोजत असे आणि घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, याची नोंद घेत असे. आमच्या गृहनिर्माण संस्थेत पथक आले तेव्हा सचिव या नात्याने मी त्यांच्याबरोबर मजले चढलो. ऑक्सिमीटरला बोट देताना कोणी कां-कू केली नाही. मात्र ‘ताप, खोकला?’ हा प्रश्न पुरा होण्याआधीच बहुतेक दारांतून ‘छे, काही नाही’ असे उत्तर येत होते, आणि ते देणाऱ्याचे लक्ष पथकापेक्षा शेजारच्या दाराकडे अधिक होते.

लोकांना चाचणीची धास्ती नव्हती, चाचणीनंतर जे घडत होते त्याची होती, आणि ती अनाठायी म्हणता येत नव्हती. बाधिताच्या दारावर फलक, जिना बंद करायला ठोकलेले लोखंडी पत्रे, रुग्णाचे नाव व घर क्रमांक असलेली यादी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर, दूधवाल्याला आणि घरकामाच्या बाईंना ‘त्या घरी जाल तर आमच्याकडे येऊ नका’ ही तंबी, रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेला खोली रिकामी करण्याचा तगादा, हे सर्व मार्च २०२० पासून आपल्या डोळ्यांसमोर चालले होते. रुग्णाची ओळख व पत्ता समाजमाध्यमांवर पसरवू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितले होते. पण सूचना निघाली म्हणून यादी पुढे ढकलणारे बोट थांबले, असे काही झाले नाही.

याहून गंभीर गोष्ट बऱ्या झालेल्या रुग्णांची होती. केंद्राने ८ मे २०२० रोजी सुधारित केलेल्या नियमांनुसार सौम्य लक्षणांच्या रुग्णाला लक्षणे दिसू लागल्यापासून १० दिवसांनी, सलग ३ दिवस ताप नसल्यास, पुन्हा चाचणी न करता घरी सोडले जात होते आणि पुढचे ७ दिवस त्याने घरातच वेगळे राहायचे होते. हा नियम रुग्णालयातील खाटा लवकर रिकाम्या व्हाव्यात म्हणून काढलेली पळवाट आहे, असा समज अनेक सुशिक्षितांचाही होता. वास्तविक आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय अंशाचा शोध घेते, आणि असे निर्जीव अंश माणूस बरा झाल्यावरही कित्येक आठवडे नाकाघशात सापडू शकतात. म्हणजे अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला तरी त्या माणसापासून इतरांना संसर्ग होईलच असे नाही. तरीही कित्येक संस्थांच्या गेटवर ‘निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा, मगच आत या’ अशी अट घातली जात होती. सरकारी नियमात नसलेली ही अट घालण्याचा अधिकार व्यवस्थापक समितीला कोणी दिला? स्वतंत्र खोली व स्वच्छतागृह असलेल्या घरात सौम्य रुग्णाला विलगीकरणात राहण्याची मुभा असतानाही त्याला कोविड केंद्रातच हलवावे म्हणून दबाव आणला जात होता, तोही याच जातीचा प्रकार. इमारतीत वृद्ध राहतात, त्यांच्यासाठी काळजी घ्यायलाच हवी. ती मुखपट्टीने, अंतर राखून आणि हात धुऊन घेता येते. त्यासाठी कोणाला त्याच्याच घराबाहेर उभे करावे लागत नाही.

पुणेकरांना तरी हे नव्याने सांगायला नको. १८९७च्या प्लेगात गोरे सोजीर घरात शिरून झडती घेत, रुग्णाला उचलून नेत व कुटुंबाला विलगीकरण छावणीत धाडत. परिणामी लोक आजारी माणसे लपवू लागले. त्या वेळी धाक सरकारचा होता, २०२० मध्ये शेजाऱ्यांचा, एवढाच फरक. लक्षणे लपवणारा माणूस चाचणी उशिरा करतो, धाप लागल्यावर रुग्णालय गाठतो आणि तोपर्यंत घरच्यांना संसर्ग देऊन बसतो. म्हणजे जी संस्था सर्वांत कडक, तीच सर्वांत असुरक्षित.

त्याच १८९७ सालच्या साथरोग कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी ३ महिने ते ५ वर्षे कैदेची तरतूद झाली आहे, आणि त्यांच्या राहण्या-काम करण्यात अडथळा आणणारी छळवणूकही त्या व्याख्येत येते. ही दुरुस्ती स्वागतार्हच आहे. परंतु बरा झालेला रिक्षाचालक किंवा काम गमावलेली मोलकरीण यांना तिचा काहीही आधार नाही. त्यांच्यासाठी कायदा होईल तेव्हा होवो. तोवर अशी साथ पुन्हा आली तर महापालिकेने रुग्णाला घरी सोडताना देण्याच्या कागदावर ‘पुन्हा चाचणीची आवश्यकता नाही’ हे वाक्य ठळक मराठीत छापावे, प्रभाग पातळीवर फिरणाऱ्या याद्यांतून नावे काढावीत आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांनी अशा बेकायदा अटी घालणाऱ्या समित्यांना लेखी जाब विचारावा. आपल्या दैनिकानेही त्या वेळी लागू असलेले नियम कापून सूचना फलकावर लावता येतील अशा चौकटीत प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

– एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, पुणे