ज्युरीच्या बाकावरून उठवलेली माणसं

मा. मुख्य न्यायमूर्ती,
मिसिसिपी सर्वोच्च न्यायालय, जॅक्सन

सविनय नमस्कार.

हे पत्र इंग्रजीत तुमच्या कार्यालयाला पाठवलंच आहे. मराठीत लिहितोय ते आमच्या माणसांसाठी, कारण ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसायचं, समन्स आलं की त्यातून अंग कसं काढून घ्यायचं याचे सल्ले आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात गोळा होतात.

मीही सुटायच्याच तयारीने गेलो होतो. नागरिकत्व मिळाल्यानंतरचं पहिलं समन्स. बाकावर शेजारी एक कृष्णवर्णीय बाई, मांडीवर लोकरीचं विणकाम. मला दोनच प्रश्न आले: काम काय करता आणि इथे किती वर्षं राहता. बाईंना मात्र विचारतच राहिले. भाऊ कुठे असतो, चर्चमध्ये कुणाकुणाची ओळख, पोलिसांशी कधी संबंध आला का. शेवटी सरकारी वकिलांनी त्यांचं नाव काढलं. ठरावीक नावं अशी कारण न सांगता काढता येतात. बाईंनी सुया पिशवीत घातल्या आणि निघाल्या. त्यांना नवल वाटल्यासारखं काही दिसलं नाही. मी राहिलो.

त्या रात्री कर्टिस फ्लॉवर्सच्या खटल्यातला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून वाचला. जुलै 1996 मध्ये आपल्याच राज्यातल्या विनोना गावी फर्निचरच्या दुकानात चार जणांचे खून झाले. त्या चार घरांचं दुःख या सगळ्यात मागे पडू नये. त्या खुनांसाठी फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय माणसावर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला. या सहा खटल्यांत ज्यांना वगळणं त्याच्या हातात होतं अशा 42 कृष्णवर्णीयांपैकी 41 जणांना त्याने वगळलं. सहाव्या खटल्यात वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना मिळून 145 प्रश्न विचारले, ज्युरीत घेतलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून 12. इकडे माणशी एकोणतीस, तिकडे जेमतेम एक. हे वाचताना ते विणकाम डोळ्यांपुढे आलं.

महोदय, तिसऱ्या खटल्यातली शिक्षा तुमच्याच न्यायालयाने 2007 मध्ये याच कारणासाठी रद्द केली होती. मग सहाव्या खटल्यातली शिक्षा दोन-दोन वेळा कायम कशी झाली? ती उलटायला वॉशिंग्टनचं सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं: 2019, सात विरुद्ध दोन. 2020 मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर जवळजवळ 23 वर्षं तुरुंगात गेली होती. भरपाई पाच लाख डॉलर, कारण राज्याचा कायदा वर्षाला पन्नास हजार देतो आणि दहा वर्षांवर थांबतो. तो विधिमंडळाचा विषय, त्यांना वेगळं लिहीन.

वंशावरून ज्युरर वगळता येणार नाही, हे त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या 1986 च्या बॅटसन निकालाने ठरलंच आहे. पण कारण विचारलं की वकिलाकडे दुसरं कारण तयार असतं. बाई अस्वस्थ वाटल्या, पत्ता नीट सांगितला नाही, असं काहीतरी. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याच निकालात लिहून ठेवलं होतं की कारणाविना वगळण्याची मुभाच काढल्याशिवाय हे थांबणार नाही. अ‍ॅरिझोनाने ती 1 जानेवारी 2022 पासून काढून टाकली. तिथे खटले बंद पडलेले नाहीत.

आमच्याकडे मुंबईच्या नानावटी खटल्यातल्या ज्युरीचे किस्से अजून सांगतात, आणि भारतात पुढे ती ज्युरीची पद्धतच बंद झाली. तसलं काही मी मागत नाही. ज्युरी हवीच.

फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचे नियम तुमचंच न्यायालय करतं. अ‍ॅरिझोनासारखा नियम करा. ते लगेच जमणार नसेल तर निदान प्रत्येक खटल्यात कोणाला वगळलं, त्यांचा वंश कोणता आणि कोणाला किती प्रश्न विचारले याची नोंद ठेवून ती दरवर्षी जाहीर करा. फ्लॉवर्सच्या बाबतीत ती मोजदाद होईपर्यंत माणूस पन्नाशीकडे झुकला होता.

आपला,
मिसिसिपीतला एक ज्युरर