आधी पऱ्हाटी, मग यंत्र

ओल्या कचऱ्याच्या दुर्गंधीवर उपाय म्हणून आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिका नवे खतयंत्र घेणार, ही आपल्या अंकातील बातमी वाचली. दुर्गंधीचे मूळ ढिगात कोरडा माल नसण्यात आहे. भाजीबाजारातला कचरा, त्यातही केळीचे दांडे आणि साली, म्हणजे बहुतांश पाणीच. असा माल नुसता रचला की स्वतःच्या वजनाने दबतो, हवा कोंडते आणि खत होण्याऐवजी तो सडतो. यंत्रातही हेच होईल, वर विजेचे बिल.

चांगल्या खतासाठी सुरुवातीला कर्ब-नत्र गुणोत्तर सुमारे 30:1 आणि ओलावा 50 ते 60 टक्के लागतो. कर्बासाठी खान्देशात पऱ्हाटीइतके, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांइतके, स्वस्त काय आहे? वेचणी संपली की ती बांधावर पेटवली जाते. तिचे श्रेडरने दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून ओल्या कचऱ्यात मिसळले, तर ढिगात हवा खेळते आणि काही दिवसांत तापमान 55 अंशांपुढे जाते. त्या उष्णतेत पऱ्हाटीत दडलेली गुलाबी बोंडअळीही मरते. ढीग दीड मीटरपेक्षा उंच नसावा आणि आठवड्याला पालटावा. मे महिन्यात अडचण उलटी: वरचा थर पाहता पाहता वाळतो, तेव्हा ओले गोणपाट हवेच. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंब निघाले की ओलावा बरोबर.

काचेचे तुकडे असलेले खत शेतकरी फुकटही नेणार नाही. निविदेत श्रेडर आणि 4 मिलिमीटरची चाळणी आहे का, एवढे पालिकेने जाहीर करावे.

– एक वाचक, जळगाव जिल्हा