जंजिरा सहल: सभासदांसाठी सूचना

पावसाळ्यात बंद असलेली राजपुरीची होडी सुरू झाली आहे, तेव्हा ठरल्याप्रमाणे शनिवारी रात्री स्वारगेटहून निघू, ताम्हिणीमार्गे. गाडी कोणासाठीही थांबणार नाही (कोथरूडकरांनी विशेष नोंद घ्यावी).

होडीत चढता-उतरताना घाई नको. किल्ल्याच्या दरवाज्याशी होडी लाटांवर हलत असते आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं. चप्पल नको, पकड असलेले बूटच घाला. नावाडी सांगेल त्याच वेळी पाय टाका. परतीची वेळही त्याचीच, त्यामुळे कलालबांगडी तोफेपाशी फोटोसत्र आवरतं ठेवा. दरवाज्यावरचं पंजांत हत्ती पकडलेलं शरभशिल्प (शरभ म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी) मात्र नीट पाहा. तटावरून पद्मदुर्ग दिसेल. तिथे या खेपेला जाणार नाही.

होडीभाड्यासाठी सुटे पैसे आणा.