माधवनगर रोडवरच्या वायरिंगवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी गडबडीत मी तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि तुम्हीही माझं विचारलं नाहीत. डायलिसिस करून मिरजेहून तासगावला परतणारी माझी आई, तिला तुम्ही लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून दिलीत आणि पंख्याचं तोंड तिच्याकडं फिरवलंत, एवढी खूण पुरेल. आभार मानायचे आहेत, आणि ते सगळ्यांसमोर मानायचे आहेत.

आठवड्यातून दोनदा आईला मिरजेला न्यावं लागतं. पहाटे निघायचं, दुपारी थकलेल्या आईला घेऊन परत यायचं. गाडी वाटेत बंद पडली तर, ही भीती मनात घर करून होती. तशात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ज्या वर्कशॉपला गाडी दाखवली तिथं त्यांनी स्कॅनर लावला, मशीनवर 'पी ०१७१' हा कोड आला आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेला म्हणून सांगितलं. साडेचार हजार गेले. दिवा विझला, आम्ही सुटलो म्हटलं. चौथ्या दिवशी पुन्हा लागला. मग गाडीतला पेट्रोल पंप बघू म्हणाले, आणि त्यानंतर "ईसीएमच, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच, बदलावा लागेल, अडतीस हजार धरून चाला". त्या आठवड्यात मला झोप नव्हती.

तुमच्याकडं आलो ते केवळ दिवा दिसला की छातीत धस्स व्हायचं म्हणून. तुम्ही स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात कोड वाचणारा छोटा ॲडॉप्टर बसवलात, मोबाईलवर ॲप उघडलंत आणि स्क्रीन माझ्याकडं वळवलीत. आजवर कुणी मला स्क्रीन दाखवलीच नव्हती.

"हे बघा," तुम्ही म्हणालात, "कोड म्हंजे निदान न्हवं, गाडीनं केलेली तक्रार हाय. ताप आलाय एवढंच ती सांगती. कशानं आला ते आपण हुडकायचं." मग एकेक अक्षर सोडवून दाखवलंत. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सकडची तक्रार. बॉडीची असेल तर 'बी', चासिसची 'सी', कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याची 'यू'. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असणारा कोड, एक असेल तर बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा एक म्हणजे हवा आणि इंधनाचा भाग. आणि सगळं मिळून अर्थ काय, तर मिश्रणात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय. या कोडात 'सेन्सर खराब' असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं होतं.

त्यानंतर तुम्ही फ्रीझ फ्रेम उघडलीत. कोड पडला त्या क्षणाची नोंद गाडी जपून ठेवते, हे मला माहीतच नव्हतं. वेग शून्य, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) साडेसातशेच्या आसपास, इंजिन गरम. "कुठं उभी करून चालू ठेवलीवती?" तुम्ही विचारलंत आणि मला आठवलं, आई बाहेर येईपर्यंत दवाखान्याच्या दारात एसी लावून थांबलो होतो.

मग फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमीजास्त करतोय त्याचा आकडा; सरासरीचा तो लाँग टर्म, त्या क्षणाचा तो शॉर्ट टर्म. गाडी उभी असताना लाँग टर्मचा आकडा अधिक चोवीस टक्के. म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा जवळपास चौथा हिस्सा जास्त पेट्रोल देत होता. तुम्ही मला ॲक्सिलरेटर दाबून आरपीएम अडीच हजारांवर धरायला लावलंत आणि आकडा सहावर आला. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हाच उजेड पडला. माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी आहे. त्याच्या पुढं कुठं फट असली तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. इंजिन सावकाश चालताना एकूण हवा थोडी, म्हणून ती चोरटी हवा जास्त जाणवते. वेग वाढला की तिचा वाटा कमी होतो. पेट्रोल पंप कमजोर असता तर आकडा उलटा, वर गेला असता.

कार्ब क्लीनरचा हलका फवारा इनटेकजवळच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिथल्या, पाईपांवर जपून मारत गेलात. एका जागी तो आत ओढला गेला, इंजिनाचा आवाज बदलला आणि शॉर्ट टर्मचा आकडा झपकन उण्यात गेला. ब्रेक बूस्टरकडं (ब्रेक दाबायला जोर देणारा भाग) जाणारा रबरी पाईप, उन्हानं आणि इंजिनाच्या उष्णतेनं कडक होऊन खालच्या बाजूनं चिरलेला. वरून बघणाऱ्याला दिसलाच नसता. आणि ब्रेकचा पाईप तो! आईला घेऊन त्याच ब्रेकच्या भरवशावर जात होतो, हे कळल्यावर माझे हात थंड पडले.

नवा पाईप दोनशे ऐंशीचा. तुम्ही पाईपचे तेवढे आणि वर कामाचे शंभर, एवढेच घेतलेत. कोड मात्र लगेच पुसला नाहीत. आधी मला वहीत लिहून घ्यायला लावलंत, कारण पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात. तेव्हा मला त्या चार दिवसांचा उलगडा झाला. दिवा सेन्सर बदलल्यानं विझला नव्हता, कोड पुसल्यानं विझला होता. असा दोष गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत दिसला की मगच गाडी दिवा लावते, म्हणून मधले दिवस शांत गेले.

निघताना आणखी एक सांगितलंत: दिवा स्थिर असेल तर बेतानं गाडी घरी न्या, पण लुकलुकत असेल तर बाजूला घ्या, सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळेल. हे मी शेजाऱ्यांना, भावकीत, द्राक्षाच्या गाड्या नेणाऱ्या पोरांना सगळ्यांना सांगितलंय. आता तसाच एक ॲडॉप्टर मीही घेतलाय. महिना झाला, लाँग टर्मचा आकडा दोन-तीनच्या वर गेलेला नाही. दर रविवारी बघतो आणि वहीत लिहितो.

त्या दिवशी तुम्ही अडीच तास माझ्यासाठी उभे होतात. मागं दोन गाड्या थांबल्या होत्या, त्या माणसांनाही "बाई दमल्यात, यांचं आधी होऊ द्या" म्हणालात. आई घरी येईपर्यंत हेच बोलत होती. तिनं तुमच्यासाठी बेदाणे निवडून ठेवलेत, या वर्षीचे, हिरवे. मंगळवारी मिरजेहून येताना थांबतो. गिऱ्हाईक असलं तरी चालेल, आम्ही लिंबाखाली बसू.

आपला,
तासगावचा एक गाडीवाला