दाताला मशीन लावायच्या आधी रंग बघा

मा. संपादक यांस, सप्रेम नमस्कार.

दात पांढरे करण्याबद्दलचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. मेहनतीने लिहिलाय, पण निरोगी दात म्हणजे पांढराशुभ्र दात असं धरूनच सगळं पुढे नेलंय आणि शेवटी मोबाईलवर फोटो काढून आपल्या दातांचा रंग स्वतःच तपासा असा सल्लाही दिलाय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करतो, म्हणजे डॉक्टर दातावर जी कॅप बसवतात ती बनवणारे आम्ही, आणि दाताचा रंग जुळवणं हे आमचं रोजचं काम.

खरा दात पांढराशुभ्र नसतोच. वरचा कठीण थर म्हणजे इनॅमल अर्धपारदर्शक, त्याच्या आतला थर म्हणजे डेंटिन पिवळसर, आणि आपल्याला दिसतो तो दोघांचा मिळून झालेला रंग. आरशात पुढचा एक दात नीट निरखून बघा, हिरडीपाशी इनॅमल पातळ म्हणून तिथे पिवळेपणा जास्त, मधे जरा उजळ, आणि खालच्या कडेला आत डेंटिन जवळजवळ नसतंच म्हणून तिथे राखाडी-निळसर झाक. सुळा तर शेजारच्या दातांपेक्षा गडदच असतो. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, आत डेंटिनचा थर वाढत जातो, दात गडद दिसायला लागतात, याचा अस्वच्छतेशी काही संबंध नाही.

कॅपचा रंग ठरवायला बहुतेक डॉक्टर शेड गाईड, म्हणजे दाताशी लावून बघायच्या रंगनमुन्यांची पट्टी वापरतात, व्हिटा कंपनीची १९५६ पासून चालत आलेली, त्यात १६ नमुने असतात. नमुन्याच्या नावातलं अक्षर छटा सांगतं आणि आकडा त्यातला उजळ-गडदपणा: ए म्हणजे लालसर-तपकिरी, बी लालसर-पिवळा, सी राखाडी, डी लालसर-राखाडी. लोकांना वाटतं ए सगळ्यात पांढरा आणि डी सगळ्यात काळपट, पण तसं नाहीये, सगळ्यात उजळ बी१ धरतात आणि डी२ हा ए२ पेक्षा उजळ मानला जातो. त्याच कंपनीच्या १९९८ मध्ये आलेल्या थ्रीडी मास्टर गाईडमध्ये तर आधी उजळपणाच ठरवायचा असतो आणि मला तेच पटतं, कारण रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झाली तर चालून जातं पण उजळपणा चुकला की समोरच्याला लगेच कळतं.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. तोंड थोडा वेळ उघडं राहिलं की दात वाळतो, इनॅमलच्या बारीक फटींतलं पाणी जाऊन तिथे हवा शिरते, प्रकाश जास्त विखुरतो आणि दात पांढरट दिसायला लागतो. हे काही मिनिटांतच होतं, आणि मूळ रंग परत यायला कित्येक तास, कधी एक दिवसही लागतो. आणि आमच्याकडे कामं येतात ती कशी, तर कॅपसाठी दात मशीनने कोरून झाला, माप घेऊन झालं, आणि सगळ्यात शेवटी शेजारच्या वाळलेल्या दाताला गाईड लावून चिठ्ठीवर "ए१" लिहिलं. आम्ही इमानदारीत ए१ बनवतो, दुसऱ्या दिवशी शेजारचा दात मूळ रंगावर येतो आणि कॅप उठून दिसते. पेशंट नाराज, कॅप परत लॅबमध्ये. रंग अगदी सुरुवातीला, इंजेक्शनच्याही आधी, ओल्या दातावर बघितला तर यातलं बरंच टळेल.

रंग मोजायची मशीनही आहेत, स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात, ते रंग १९७६ च्या सीआयई लॅब (L*a*b*) या आंतरराष्ट्रीय रंगमोजणी पद्धतीने आकड्यात देतं. त्या मोजणीत दोन रंगांतला फरक १.२ झाला की निम्म्या लोकांना तो दिसतो आणि २.७ पर्यंत निम्मे लोक चालवून घेतात, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१६ च्या अहवालात हेच आकडे आहेत. मशीन उपयोगाचं आहेच, पण बरीचशी मशीन टोक जिथे टेकवलं तेवढ्याच भागाचा रंग सांगतात, कडेची झाक डोळ्यांनीच बघावी लागते.

मोबाईलचं म्हणाल तर कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो, पिवळ्या बल्बखाली एक, खिडकीपाशी दुसरा, त्यामुळे नुसत्या फोटोवरून रंग ठरवणं चूकच. पण त्याच फोटोत शेड गाईडचा नमुना दाताच्या कडेला कड लावून, दाताइतकाच पुढे धरला आणि त्याचा नंबर दिसत असला तर तो फोटो आम्हाला सोन्यासारखा, कारण नमुन्याचा खरा रंग आम्हाला माहीत असतो आणि तुलना करता येते. डॉक्टर मंडळींना कळकळीची विनंती, चिठ्ठीसोबत असा एक फोटो पाठवाच. पेशंटनेही लिपस्टिक पुसून बसावं आणि रंग बघितला का हे कामाच्या आधीच विचारावं, यात डॉक्टरांना राग यायचं काही कारण नाही.

आणि पुरवणीत दातांच्या रंगांचा तक्ता छापायचा विचार असेल तर प्लीज छापू नका, वर्तमानपत्राचा कागद मुळातच राखट असतो आणि छपाईत शाई कमीजास्त होते, तो तक्ता दाताशी धरून लोक उगाच घाबरतील.

आपला,
एक डेंटल लॅब टेक्निशियन